ड्रॅगनची उपसमिती

पेटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'दहा मिनिटांत शिका, वीस मिनिटांत खेळा.' माझा छापील अक्षरावर फार विश्वास. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं असलं की मी हात दुखेपर्यंत हलवतो. त्याच विश्वासाने ती पेटी मी घरी आणली. पुढे जे रामायण झालं त्यात माझा दोष किती, ते तुम्ही ठरवा. आमच्या इमारतीने तर ठरवून टाकलं आहेच, तेही बहुमताने.

पेटी आणायचं कारण आमचे सासरे. सासूबाई गेल्या आणि ही आपल्या वडिलांना इकडे घेऊन आली. ते आले, गॅलरीत एक खुर्ची ठेवली, तिचं तोंड समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे केलं आणि बसले. त्या भिंतीला खिडकी नाही, जाहिरात नाही, साधी भेगसुद्धा नाही. जेवायला हाक मारली की येत, वाढलेलं खात, परत जाऊन बसत. कुणी काही विचारलं तर म्हणत, "हं." त्यांचा एक 'हं' होकाराचा असतो आणि एक नकाराचा. कोणता कोणता ते फक्त हिलाच कळतं. मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा मी त्यांना नको असताना तीन वेळा चहा पाजला आहे.

अशा माणसाने एके दिवशी एकदम दोन वाक्यं उच्चारली. "महिनाअखेरच्या रविवारी मी घरी जातो. इथे माझं काही काम नाही."

घरी म्हणजे त्यांच्या गावच्या, कुलूप लावलेल्या घरी. ही आत आली आणि लख्ख असलेली शेगडी पुन्हा घासायला लागली. "अहो, तिकडे ते एकटे जेवायचेसुद्धा नाहीत," ती शेगडीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काहीही करा, पण बाबांना थांबवा."

'काहीही करा' ही मुभा मला लग्नानंतर प्रथमच मिळत होती. मी तडक बाजारात गेलो आणि पत्त्यांचा खेळ घेऊन आलो.

"काहीही म्हणजे हे?" ही म्हणाली.

खेळाचं नाव 'ड्रॅगनचा डाव'. एका काल्पनिक राज्याची गोष्ट आहे. पत्त्यांवर चार प्रकारची मंडळी: राजा, चेटकीण, बुटका आणि ड्रॅगन. सोबत एका पिशवीत लाल काचेचे खडे. ती रत्नं समजायची. आपली पाळी आली की हातातला एक पत्ता पालथा टाकायचा आणि तो कोण आहे ते तोंडाने सांगायचं. राजा म्हटलं की मधल्या ढिगातलं एक रत्न घ्यायचं. चेटकीण शेजाऱ्याचं एक रत्न पळवते. ड्रॅगन अख्खा ढीग नेतो. बुटक्याला काही मिळत नाही, तो बिचारा नुसता असतो. आणि गंमत अशी, की तुम्ही खोटं बोलू शकता. बुटका टाकून 'ड्रॅगन' म्हणायची मुभा आहे. कुणाला संशय आला तर त्याने म्हणायचं, 'दाखव!' खोटं निघालं तर तुमची सगळी रत्नं जातात. खरं निघालं तर संशय घेणाऱ्याने एक रत्न भरायचं. झाला खेळ. खरोखरच सोपा. लहान मुलं खेळतात, असं दुकानदार म्हणाला होता. लहान मुलांना जमतं म्हणून मोठ्यांना जमेलच असं नाही, एवढं सांगायला तो विसरला.

माझी पहिली अडचण धर्मसंकटाची होती. मी रोज सकाळी देवापुढे उभा राहतो आणि सकाळी जे म्हणतो ते संध्याकाळपर्यंत पाळायची माझी धडपड असते. आता देव काही चेटकिणीच्या पत्त्यावरून हिशेब मांडायचा नाही, एवढं मलाही कळतं. देवाचं मन आपल्यापेक्षा खूप मोठं असतं, म्हणून तर तो देव. पण कानांना कोण सांगणार? तोंडातून खोटं निघालं की माझे कान लाल होतात. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा मागायलाही मी थंडीचे दिवस बघून जातो, म्हणजे कानटोपी घालता येते.

दुसरी अडचण माणसांची. खेळायला चार तरी जण हवेत. मी, ही आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी मिळून तिघं झालो. मुलगी गॅलरीत गेली. "आजोबा, येता का? ड्रॅगन आहे."

"हं."

"हा नाहीचा," ही आतून म्हणाली.

म्हणून मी समोरच्या वकिलांना बोलावलं. इथे चुकलो. वकील आले, बसले आणि नियमांचा कागद मागितला. कागद तळहाताएवढा होता. त्यांनी तो पाऊण तास वाचला.

"यात 'खेळाडूने पत्ता टाकावा' असं आहे," ते चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले. "टाकावा. टाकलाच पाहिजे, असं नाही."

"म्हणजे काय, काका?" मुलीने विचारलं.

"म्हणजे मी टाकणार नाही. मला कुणी सक्ती करू शकत नाही."

"मग खेळ पुढे कसा जाणार?"

"तो कागद लिहिणाऱ्याचा प्रश्न. माझा नाही."

शेवटी हिने चहा आणला आणि कप त्यांच्यापासून हातभर लांब ठेवला. "आधी पत्ता टाका, मग चहा." हे कलम त्यांना मान्य झालं. इतक्यात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आवाज कसला म्हणून बघायला आल्या आणि बसूनच घेतलं. बाईंचं म्हणणं पडलं, की आधी सगळ्यांनी नियम पाठ करावेत, लिहून काढावेत, सराव चाचणी द्यावी आणि मगच प्रत्यक्ष खेळावं. त्यांनी मला उभं करून चारही पत्त्यांची कार्यं विचारली. मी चेटकिणीचं विसरलो. माझ्याच घरात, माझ्याच पेटीतल्या चेटकिणीपायी मला अर्धा गुण कमी मिळाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

कसाबसा डाव सुरू झाला. मी बुटका टाकला आणि धीर करून म्हणालो, "राजा."

"दाखवा!" चौघं एकदम ओरडली.

"माझ्यावर एवढा अविश्वास?"

"तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे हो," ही म्हणाली. "पण जरा आरशात कान बघा."

दर पाळीला हेच. खरं बोललो की कुणी विचारेना आणि खोटं बोललो की माझ्याआधी कान बोलत. एकदा तर मुलगी म्हणाली, "बाबा, पत्ता टाकूच नका, नुसते या बाजूला वळून बसा." सगळे खदखदून हसले. मी दुखावलो, आणि तेवढ्यात गॅलरीतून कसलासा आवाज आला. 'हं' नव्हता तो. नाकातून हवा सुटल्यासारखा काहीतरी होता. हिने बसल्या बसल्या वाकून पाहिलं आणि माझ्या हातावर चिमटा काढला. "अहो, खुर्ची फिरली," ती कुजबुजली.

खरंच, भिंतीकडे तोंड असलेली ती खुर्ची थोडी आमच्याकडे वळली होती. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी वळली. चौथ्या दिवशी ती दाराच्या उंबऱ्याला लागली आणि सासरे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. वर्तमानपत्र उलटं होतं. ही आता शेगडी कमी घासत होती. रविवार दूर होता आणि सगळं कसं छान चाललं होतं. असं छान चाललं, की आमच्याकडे सचिव येतात.

आमच्या इमारतीच्या सचिवांना आवाज सहन होत नाही. स्वतःचा होतो. त्यांनी दारात उभं राहून पेटी हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. "हे पत्ते आहेत. इमारतीत पत्ते खेळायला बंदी आहे. ठराव आहे तसा."

"पत्त्यांची व्याख्या काय?" वकील आतून गरजले. मला वाटलं, वा, वकील शेजारी असावा तर असा. पुढच्या दहा मिनिटांत वकिलांनी आमची बाजू इतकी भक्कम मांडली, की एका घरातला पाच जणांचा खेळ हा 'इमारतीच्या सामाईक जीवनाशी निगडित विषय' असल्याचं सिद्ध झालं, आणि तो खालच्या सभागृहात, समितीच्या परवानगीने आणि समितीच्या उपस्थितीतच खेळता येईल असं ठरलं. वकील विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते.

मी अर्ज दिला. अर्ज परत आला, कारण त्यात ड्रॅगनचा उल्लेख होता आणि प्राण्यांबाबतचे अर्ज वेगळ्या रकान्यात करायचे असतात. मी लिहिलं की ड्रॅगन कागदी आहे. उत्तर आलं की कागदी असला तरी तो आग ओकताना दाखवला आहे, तेव्हा सभागृहातलं आग विझवायचं नळकांडं चालू स्थितीत असल्याचा दाखला जोडावा. नळकांडं पाहायला गेलो तर त्यात चेंडू ठेवलेले. समितीने उपसमिती नेमली, तिला 'ड्रॅगन उपसमिती' असं रीतसर नाव दिलं आणि दहा मिनिटांत शिकायच्या खेळाच्या नियमांत सुधारणा करायला ती आठवडाभर बसली.

सुधारणा अशा. 'खोटं बोलणे' हे शब्द काढून तिथे 'सोयीस्कर निवेदन' घालावं, कारण खाली लहान मुलं खेळतात. 'दाखव' हा उर्मट शब्द असल्यामुळे 'पाहता आल्यास बरे होईल' असं म्हणावं, आणि त्याला एका सभासदाचं अनुमोदन असावं. ड्रॅगन ज्येष्ठतेनुसार मिळावा ही सूचना एका मताने पडली. आणि शेवटची सुधारणा: खेळात फक्त सभासद भाग घेतील. पाहुण्यांना मज्जाव.

हे वाचून मी धावत सचिवांकडे गेलो. "अहो, ज्यांच्यासाठी पेटी आणली तेच पाहुणे आहेत!"

"नियम म्हणजे नियम," सचिव म्हणाले. मग जरा विरघळून म्हणाले, "त्यांना निरीक्षक म्हणून बसवू. दाराशी वेगळी खुर्ची देऊ. बोलायचं मात्र नाही."

आमचे सासरे सरकारी नोकरीत दुकानांतली वजनं-मापं तपासणारे निरीक्षक होते. मी भीतभीत त्यांना सांगितलं, "बाबा, शनिवारी संध्याकाळी खाली खेळ आहे. तुम्हाला निरीक्षक नेमलंय."

"पगार किती?" त्यांनी विचारलं.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. हिच्या हातून पातेलं सुटलं होतं. या घरात आल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. पण त्याच दिवशी त्यांनी बॅगही भरली आणि दाराशी आणून ठेवली. शनिवारनंतर रविवार येणार होता.

शनिवारी सभागृह भरलं. टेबलाभोवती सहा जण: सचिव, वकील, बाई, आम्ही नवरा-बायको आणि सही करायला वेळेवर कधी न सापडणारे खजिनदार. मुलगी आणि बाकी इमारत भिंतीला टेकून उभी. सासरे माझ्या पाठीमागे, दाराजवळच्या खुर्चीत. सचिवांनी प्रास्ताविक केलं. आभार मानले. मग खेळ सुरू झाला, आणि मला आमच्या समाजाची जी ओळख पटली ती जन्मभर पुरेल.

बाईंनी पत्ता टाकला आणि खाली मान घालून म्हणाल्या, "माझा आपला बुटका."

वकील म्हणाले, "आमचं काय, बुटकाच."

खजिनदारही बुटका म्हणाले. हीसुद्धा, चार लोकांत बरं दिसावं म्हणून, "बुटका" म्हणाली. तिच्या हातात राजा होता. मी पाहिला होता. खोटं बोलायची परवानगी मिळाल्यावर माणसं मोठेपणाचं खोटं बोलतील अशी त्या खेळ काढणाऱ्याची समजूत असणार. त्याने आमची इमारत पाहिली नसावी. चार शेजाऱ्यांसमोर आपण राजा आहोत असं म्हणायला इथे कुणाची जीभ रेटेना. हातात राजे, चेटकिणी, अख्खं राजघराणं घेऊन माणसं एकापाठोपाठ एक बुटकी होत होती.

एकट्या सचिवांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी पत्ता टाकला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ड्रॅगन."

मधला ढीग त्यांच्याकडे गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ढीग पुन्हा भरला. पुन्हा सगळे बुटके. "ड्रॅगन," सचिव म्हणाले. पुन्हा ढीग गेला. तिसऱ्यांदाही तेच झालं. आता पेटीत ड्रॅगन दोनच आहेत, हे झाकणावर चित्रासह छापलेलं. झाकण टेबलाच्या मधोमध. सगळे झाकणाकडे बघत, मग छताकडे बघत. चौथा ड्रॅगन आला. बाई नखं बघायला लागल्या. वकील मला हळूच म्हणाले, "उघड खोटं आहे."

"मग म्हणा ना, दाखवा."

"मी? माझी पार्किंगची फाइल त्यांच्याकडे आहे."

मलाही म्हणायचं होतं हो. पण रोज जिन्यात भेटणारा माणूस, त्याला तोंडावर... आणि अनुमोदन कोण देणार? सचिवांनी पाचवा पत्ता टाकला, खुर्चीत मागे रेलले आणि आता त्यांना नीट उच्चारायचीही गरज वाटली नाही. "ड्रॅ," म्हणाले आणि ढिगाकडे हात नेला.

"दाखव!"

तो आवाज सभागृहाच्या भिंतींवर आदळून परत आला. वजनाच्या तागडीखाली चिकटवलेली चिंच पकडल्यावर दुकानदाराला दरदरून घाम फुटावा, तसा आवाज. सचिवांच्या हाताला इतका धक्का बसला की पत्ता आपोआप उलटला. बुटका. लाल टोपी घालून हसत होता.

भिंतीपाशी कुणीतरी फिस्स केलं आणि खोकल्यात लपवलं.

"कोण बोललं?" सचिव उभे राहिले. "कोण? पाहुण्यांना बोलायची मनाई आहे. पाहुणे बोलले असतील तर त्यांनी सर्वांसमोर माफी मागायची आणि सभागृह सोडायचं. ठराव आहे!"

सगळे दाराकडे वळले. पण पक्कं कुणीच सांगू शकेना, कारण सासऱ्यांचा आवाज इमारतीत कुणी ऐकलेलाच नव्हता. ते खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला उद्याचा रविवार स्पष्ट दिसला. हे उठणार, माफी मागणार नाहीत, एक शब्द बोलणार नाहीत, वर जाऊन बॅग उचलणार, आणि मग त्या कुलूप लावलेल्या घरी कुणी कितीही हाका मारल्या तरी 'हं' सुद्धा येणार नाही. ते उठायला लागलेही होते. हिने टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरला.

मी उभा राहिलो. "मी बोललो."

"तुम्ही?" सचिव म्हणाले.

"हो, मीच. मागे जरा वळलो होतो, म्हणून आवाज तिकडून आल्यासारखा वाटला असेल."

माझे कान असे पेटले होते, की ते नळकांडं चालू असतं तर कुणीतरी माझ्यावर रिकामं केलं असतं. सगळी इमारत माझे कान बघत होती. बाई बघत होत्या, वकील बघत होते, भिंतीला टेकलेली आमची मुलगी ओठ चावत होती. एकाने, फक्त एकाने शंका घेतली असती तरी खेळ खलास होता.

वकील सावकाश उठले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "मी शेजारीच बसलोय," ते म्हणाले. "मी ऐकलं. हेच बोलले."

"अनुमोदन," बाई म्हणाल्या.

मला सभागृहात यायला बेमुदत बंदी झाली, माझी पेटी समितीच्या ताब्यात गेली आणि पूर्वसूचनेशिवाय सत्य उघडकीस आणल्याबद्दल मला नोटीस द्यायचं ठरलं. शब्द हेच होते, वकिलांनी सुचवलेले. जिना चढताना सासरे माझ्या पुढे होते. वळणावर थांबले. नुसते माझ्या कानांकडे पाहून पुढे गेले.

रविवार उजाडला. त्यांची गाडी दुपारची होती. बॅग दाराशी, तिच्यावर घडी घातलेला रुमाल. हिने डोळे पुसत डबा भरायला घेतला होता. मुलीने मात्र हट्टाने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवे पत्ते केले होते. ड्रॅगन पालीसारखा झाला होता आणि रत्नांच्या जागी शर्टांची बटणं होती. तिने न विचारता चौघांचे पत्ते वाटले, चौथे रिकाम्या खुर्चीपुढे. सासरे आले. उभ्याउभ्याच एक पत्ता उचलून पाहिला. मग बसले.

"राजा," मी पहिला पत्ता टाकत म्हणालो.

"दाखवा," ते म्हणाले. मी एक बटण कमावलं. तो खरंच राजा होता. त्यांनी खाली वाकून माझे दोन्ही कान बारकाईने तपासले, वजनमापाच्या जुन्या सवयीने असावं, आणि पुढचे पत्ते उचलले.

डाव रंगात आला आणि दाराची बेल वाजली. मी उठणार तोच सासरे उठले. दारात सचिव, हातात माझी नोटीस. आत येताना त्यांचा पाय बॅगेला लागला.

"जावई आहेत का? सही हवी होती." मग बॅगेकडे पाहून ते म्हणाले, "अरे वा. निघालात वाटतं?"

"आत्ता कुणाला वेळ नाही, डाव चालू आहे," सासरे म्हणाले. पायाने त्यांनी ती बॅग दाराआड सरकवली. "संध्याकाळी या. मी आहे घरी."

दार लावून ते परत येऊन बसले. ही उठून आत गेली आणि तिने अर्धवट भरलेला डबा ताटात उलटा केला, त्याचा आवाज आला.

"पाळी कुणाची?" त्यांनी विचारलं.